सात नंबरच्या मशीनचा आकडा मामांच्या नावावर

पत्र असं आहे:

‘ताई, माझं आणि कंपनीचं नाव छापू नका. कोल्हापूरजवळ गोकुळ शिरगावला एका मशीन शॉपमध्ये अठरा वर्षं झाली. आयटीआय करून हेल्पर म्हणून लागलो, आता लाइन लीडर आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही बोअरिंग-ड्रिलिंग करून पुढं देतो. मोठ्या मालकांचा मुलगा शिकून आला आणि त्यानं पुण्याचे कन्सल्टंट आणले. आता प्रत्येक मशीनला टॅब आहे. मशीन तीन मिनिटांच्या वर थांबलं की टॅबवर कारण दाबायचं. भिंतीवर टीव्ही, त्यावर मशीन नंबर, ऑपरेटरचं नाव आणि ओईईचे, म्हणजे मशीनच्या कार्यक्षमतेचे टक्के, हिरवे, पिवळे, लाल. महिनाअखेरीस लाइन लीडरनं खालची दोन नावं ‘सी’ ग्रेडला द्यायची. सलग तीन सी लागले की ‘पुढचा विचार’.

माझ्या लाइनवर एक मामा आहेत. सव्वीस वर्षं सर्व्हिस. मला भोकाचं माप घ्यायचं डायल बोअर गेज धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्याकडं सात नंबरचं मशीन आहे, सगळ्यात जुनं. दोन महिने त्यांचं नाव सीमध्ये दिलं, कारण आकडाच तसा येतोय. ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त दुपारी डबा घेऊन आता शॉपच्या दुसऱ्या टोकाला स्क्रॅपच्या ट्रॉलीजवळ जाऊन बसतात. तिसरा महिना संपत आलाय. मालक वाईट नाहीत हो. २०१९ ला चिखलीत आमच्या घरात पाणी शिरलं तेव्हा मोठ्या मालकांनी न मागता दोन महिन्यांचा पगार हातावर ठेवला होता. घरी बायको म्हणते, घराचा हप्ता आहे, सांगितलेलं काम करा. कधी वाटतं, मामांच्या जागी स्वतःचंच नाव लिहून द्यावं. काय करू?’

दादा,

पत्र तीनदा वाचलं. टॅब, टीव्ही, टक्के सगळं कळलं, पण दर वेळी अडकले ते डब्यापाशी. त्याबद्दल शेवटी बोलते. आधी कामाचं, कारण महिना संपायला आठवडा-दहा दिवसच उरलेत.

या आकड्याच्या जोरावर मामांचं नाव तिसऱ्यांदा देऊ नका. कोरा कागदही देऊ नका, तो तुमचा आडमुठेपणा ठरेल आणि नावं दुसरं कुणीतरी भरेल. आणि स्वतःचं नाव तर मुळीच लिहू नका. तुमच्या मनात ते येतं यातून तुमचा जीव किती कासावीस झालाय ते कळतं. पण त्यानं होणार काय? फॉर्मवर दोन रिकाम्या चौकटी आहेत. तुम्ही स्वतःला त्यात घातलंत तर या महिन्यापुरत्या त्या भरतील, आणि पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला पुन्हा दोन रिकाम्या चौकटी टेबलावर येतील. आपल्याला हलवायचंय ते त्या चौकटींना.

मी हे लांबून सांगत नाही. लग्नाआधी आणि नंतरही, मिळून अकरा वर्षं मी एका कारखान्यात टाइम ऑफिसला होते. उशिरा येणाऱ्यांची यादी करायचं काम माझ्याकडं होतं. कार्ड बघायचं, मिनिटं लिहायची, महिन्याची बेरीज करून साहेबांच्या टेबलावर ठेवायची. एका पावसाळ्यात फेटलिंगचा, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारा एक माणूस सलग महिनाभर यादीत वर राहिला. वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. पुढच्या महिन्यात त्याला बंद केलं. दिवाळीच्या सुमारास तो मला बाजारात भेटला आणि रागानं नव्हे, सहज बोलता बोलता म्हणाला, ‘बंधाऱ्यावर पाणी आलं की लांबचा वळसा पडायचा, ताई.’ तो नदीपलीकडचा. राजाराम बंधारा दर पावसाळ्यात पाण्याखाली जातो हे मला काय ठाऊक नव्हतं? कोल्हापुरात कुणाला ठाऊक नसतं? पण माझ्या वहीत रकाना होता मिनिटांचा. बंधाऱ्याचा रकाना नव्हता. माझी बेरीज एका मिनिटानंही चुकलेली नव्हती आणि माणूस घरी बसला होता. तुमच्या पत्रातलं ‘आकडाच तसा येतोय’ हे वाक्य म्हणून मला ओळखीचं वाटलं.

आता तो आकडा जरा उघडून बघू.

ओईई म्हणजे यंत्राची एकूण कार्यक्षमता. जपानमध्ये सेइची नाकाजिमा या देखभाल-तज्ज्ञांनी ही पद्धत बसवली. यंत्र मिळालेल्या वेळातला किती वेळ चाललं, चाललं तेव्हा ठरलेल्या वेगानं चाललं का, आणि निघालेल्या मालातला चांगला किती, या तिन्हींचा गुणाकार. हेतू हा की यंत्र कुठं गळतंय ते दिसावं आणि देखभाल करणाऱ्यानं तिथं हात घालावा. यंत्राची तब्येत बघायचा थर्मामीटर आहे तो. तुमच्या टीव्हीवर त्या टक्क्यांशेजारी माणसाचं नाव आहे, आणि सगळा घोटाळा तिथंच आहे. सात नंबरचा ताप मामांच्या नावावर लिहिला जातोय.

कागदावर मांडून दाखवते. आकडे माझ्या मनचे आहेत, तुम्ही तुमचे घाला. जेवण सोडून पाळी ४८० मिनिटांची. एका जॉबचा, म्हणजे एका नगाचा, ठरलेला सायकल टाइम ४ मिनिटं. मामांचं मशीन ७० मिनिटं थांबलं, ९२ जॉब निघाले, त्यातला १ त्यांनी स्वतःच बाजूला काढला. ९१ गुणिले ४, भागिले ४८०. आले ७५.८ टक्के. शेजारच्या नव्या मशीनवरचा पोरगा ३० मिनिटंच थांबला, १०५ जॉब काढले, रिजेक्ट शून्य. आले ८७.५. मामा लाल, पोरगा हिरवा. आता दोन दिवसांनी त्या १०५ मधले ९ जॉब फायनल इन्स्पेक्शनला बोअर ओव्हरसाइज, म्हणजे भोक मापापेक्षा मोठं म्हणून निघाले, कारण इन्सर्ट, म्हणजे कापायची टिकली झिजली होती आणि मध्ये थांबून गेज लावायला त्याला वेळ नव्हता, वेळ घेतला असता तर टीव्ही पिवळा झाला असता. हे ९ त्याच्या त्या दिवसाच्या आकड्यातून वजा होतात का? तुमच्याकडं हे मला नक्की बघून हवंय. वजा झाले तर तोही ८० वर येतो. मग उरतो चार टक्क्यांचा फरक, आणि तो जुन्या मशीनचा आहे. बोअर लहान राहिला तर पुन्हा कट मारता येतो. मोठा झाला की जॉब भंगारात जातो, आणि त्याच्यासोबत फौंड्रीत ओतलेलं लोखंड, भट्टीची वीज, कोअर, ग्राइंडिंग, सगळ्यांची मेहनत जाते. धाकट्या मालकांना हे तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोण समजावून सांगणार?

दुसरी गोष्ट टॅबवरच्या कारणांची. यादीत काय काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अशा याद्या मी पाहिल्यात. वीज गेली, हवा नाही, टूल बदल, मटेरियल नाही, सेटिंग, जेवण, इतर. कास्टिंगमध्ये हार्ड स्पॉट लागला याचं बटण आहे का? पातळ जागी लोखंड लवकर गार होतं आणि काचेसारखं कडक बनतं, त्यावर इन्सर्टची धार उडते. अनुभवी माणूस आवाज बदलला की हात फीडवर नेतो आणि थांबतो. टॅबला ते ‘इतर’ दिसतं. नव्या पोराला झीरो घ्यायला मदत केली, त्याची वीस मिनिटं वाचवली, स्वतःची सात घालवली. त्याचं बटण? मामांचे थांबे कुठं कुठं गेले हे चार दिवस नुसतं एका वहीत लिहा. टॅबवर काय दाबलं ते एका बाजूला आणि खरं काय झालं ते दुसऱ्या बाजूला. मला खात्री आहे, ‘इतर’ या एका बटणाखाली अर्धी लाइन गाडलेली निघेल.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात मोल्डर होते, वाळूचे साचे भरायचे. लहानपणी डबा द्यायला जायची तेव्हा बघायची, ते ढिगातली वाळू मुठीत घ्यायचे, दाबायचे आणि मूठ उघडायचे. वाळूवर बोटांचे ठसे स्वच्छ उठले पाहिजेत, आणि गोळा मधून मोडला तर कडा धारेवर राहिल्या पाहिजेत, भुगा होता कामा नये. ठसा चिकट उठला की ते पाणी जास्त म्हणायचे आणि ढीग पुन्हा कालवायला लावायचे. यात चार-पाच मिनिटं जायची. त्या मिनिटांत एकही मोल्ड भरला जात नव्हता. पण पाणी जास्त झालेल्या वाळूत लोखंड ओतलं की वाफ धरते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वाफेची भोकं येतात, हे ते शाळा न शिकताही जाणत होते. आज वाळूचा ओलावा मोजायला लॅब आहे, चांगलंच आहे. ती मूठ मात्र कुठल्याही घड्याळात कामाच्या बाजूला धरली गेली नसती.

आणि मोल्डरांचं आणि घड्याळाचं भांडण जुनं आहे. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी टेलर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरनं स्टॉपवॉच घेऊन काम मोजायला सुरुवात केली. विचार ऑफिसनं करायचा, कामगारानं सांगितलं तसं करायचं, ही त्याची मांडणी. कच्च्या लोखंडाच्या लाद्या उचलणाऱ्या माणसाकडून दिवसाला साडेबारा टनांच्या जागी साडेसत्तेचाळीस टन काम करून घेतलं आणि मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर केली, असं त्यानं स्वतःच अभिमानानं लिहून ठेवलंय. काम जवळजवळ चौपट, मजुरी दीडपटीच्या थोडी वर. १९११ च्या ऑगस्टमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ही पद्धत फौंड्रीत आली. एका मोल्डरनं स्टॉपवॉचसमोर काम करायला नकार दिला, त्याला काढलं आणि बाकीचे मोल्डर काम टाकून बाहेर पडले. प्रकरण थेट अमेरिकेच्या संसदेत गेलं. १९१५ पासून तिथल्या सरकारी शस्त्रागारांत स्टॉपवॉचनं कामगार मोजायला पैसा वापरायचा नाही अशी अट लष्करी खर्चाच्या कायद्यात घातली गेली, आणि ती १९४९ पर्यंत टिकली. ते आपल्यासारखेच वाळूत हात घालणारे लोक होते.

हे सांगून मी तुम्हाला टॅब फोडायला सांगत नाही. उलट, मोजमाप आलं याचा मला आनंद आहे. वडिलांच्या काळी ओव्हरटाइम कुणाला मिळणार हे मुकादमाच्या लहरीवर असायचं. कुणाच्या गावचा आहे, कुणाच्या तालमीत जातो, यावर हलकं-जड काम वाटलं जायचं. मशीन बिघडलं तरी ‘ऑपरेटरनं बिघडवलं’ हेच आधी ऐकावं लागायचं. आज सात नंबरचा स्पिंडल किती वेळा गरम होऊन थांबला हे टॅबमध्ये तारखेनिशी आहे. ते मामांच्या बाजूचं साक्षीदार आहे, ते वापरा. जमिनीवर पिवळे पट्टे मारले, टूल जागेवर ठेवायला लागले, त्यानं बोटं वाचतात. धाकट्या मालकांनी आणलेल्या पद्धतीत चांगलं पुष्कळ आहे. माझं म्हणणं एवढंच की त्यांनी ती अर्धी आणली आहे.

उरलेली अर्धी कुठली, ते आपल्याला इचलकरंजीवरून समजेल. मागावर सूत तुटलेलं असताना माग तसाच चालू राहिला तर कापडात दोष विणला जातो, मग ते कितीही मीटर निघू दे. जपानच्या साकिची टोयोदांनी असा माग केला की सूत तुटलं की तो आपोआप थांबायचा. १९२४ सालचा त्यांचा ‘जी’ माग त्यासाठी नावाजला गेला. याच घराण्यानं पुढं मोटारी केल्या. कन्सल्टंट लोक ज्या टोयोटा पद्धतीचं नाव घेतात, तिचा एक खांब म्हणजे वेळेवर आणि लागेल तेवढाच माल, आणि दुसरा खांब म्हणजे हे थांबणं. त्यांच्या लाइनवर दोरी असते. काही चुकतंय असं वाटलं की साध्या कामगारानं ती ओढायची, लीडरनं धावत यायचं, आणि सुटलं नाही तर लाइन थांबवायची. थांबवल्याबद्दल त्याच्या नावापुढं लाल येत नाही. कैझन म्हणजेसुद्धा काम करणाऱ्यानंच काम सुधारायचं. तुमच्याकडं टीव्ही आला, दोरी आली नाही. मामा दोरी नसताना सव्वीस वर्षं दोरी ओढत आलेत, आणि त्याचीच शिक्षा भोगताहेत. धाकट्या मालकांशी बोलताना हा मुद्दा नक्की मांडा, कारण तो त्यांच्याच पुस्तकातला आहे. शिकलेल्या माणसाला ‘तुमची पद्धत चुकीची’ म्हटलं की तो कान मिटतो. ‘तुमची पद्धत पुरी करू या’ म्हटलं की खुर्ची पुढं ओढतो.

पण तोंडी मुद्द्यानं काम होणार नाही, तुम्हाला पुरावा लागेल. आणि तो तुमच्या हातात आहे, कारण कुणी कुठल्या मशीनवर उभं राहायचं हे लाइन लीडर ठरवतो. सोमवारपासून सहा दिवस मामांना नव्या मशीनवर घाला आणि लाइनवरच्या सगळ्यात हिरव्या पोराला सात नंबरवर. जॉब तोच, पाळी तीच. दोघांना आधी स्पष्ट सांगा की हे कशासाठी आहे, चोरून करू नका. पोराला सांगा, या आठवड्याचा तुझा आकडा ग्रेडमध्ये धरला जाणार नाही, ती जबाबदारी माझी. आणि त्यासाठी आधी धाकट्या मालकांना ‘सर, मशीन आणि माणूस वेगळं करून बघायचंय’ असं सांगून होकार घ्या. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नाही. रोजचे टक्के लिहा, आणि फायनल इन्स्पेक्शनहून परत आलेले जॉबही ज्याच्या त्याच्या दिवसात लिहा. लाल रंग मामांबरोबर गेला की सात नंबरजवळच राहिला, ते शनिवारी समोर असेल. आणि समजा मामांबरोबर गेला, तर तेही मान्य करायची तयारी ठेवा. कदाचित त्यांना चष्म्याचा नंबर वाढवून हवा असेल, कदाचित टॅबवरची अक्षरं लागत नसतील. त्यावर उपाय वेगळा, तो सी ग्रेड नाही.

‘खालचे दोन’ या कल्पनेबद्दलही त्यांच्याशी बोला. १९५० मध्ये जपानला जाऊन तिथल्या कारखानदारांना दर्जाचं गणित शिकवणारे अमेरिकेचे डेमिंग एक खेळ करून दाखवायचे. पेटीत ४,००० मणी, ३,२०० पांढरे, ८०० लाल. लाल म्हणजे खराब माल. सहा कामगारांनी ५० खळग्यांचं फळकूट पेटीत बुडवायचं आणि मणी उचलायचे. सरासरी दहा लाल येणारच. कुणाला सहा येतात, कुणाला चौदा. ते सहावाल्याची पाठ थोपटायचे, चौदावाल्याला सगळ्यांसमोर झापायचे, पुढच्या फेरीत पाठ थोपटलेलाच चौदा काढायचा. हसून हसून लोकांच्या लक्षात यायचं की लाल मणी पेटीत आहेत, हातात नाहीत. लाइनवर कितीही माणसं असोत, खालचे दोन कायमच असणार. सगळे नव्वद टक्क्यांवर गेले तरी दोन खाली राहणार. मोठ्या कंपन्यांनीसुद्धा हे भोगून पाहिलंय. मायक्रोसॉफ्टनं अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली. धाकट्या मालकांना हे नाव पटकन पटेल.

आता एक विचारते, आणि रागावू नका. दोन महिन्यांत तुम्ही चार चौकटी भरल्यात. दोन मामांच्या. उरलेल्या दोन कुणाच्या? पत्रात त्यांचा एक शब्द नाही. माझा अंदाज आहे की ती कंत्राटी पोरांची नावं होती, कदाचित एकाचंच नाव दोनदा. मामांनी तुम्हाला गेज धरायला शिकवलं म्हणून तुमची झोप उडाली, ते बरोबरच आहे. पण कंत्राटावरच्या पोराला तिसरा सी लागला की त्याला पत्रसुद्धा मिळत नाही, एक दिवस गेटवर त्याचं कार्ड पंच होत नाही, एवढंच. तो कुठल्या मशीनवर आहे? त्याला किती दिवस ट्रेनिंग मिळालं? सेकंड शिफ्टला मशीन लावून देणारा सेटर असतो का? अदलाबदलीच्या वहीत त्याचंही पान करा.

मामांच्या मागं निदान कायदा उभा आहे. ते कायम कामगार असतील तर नुसत्या ग्रेडवर त्यांना घरी बसवता येत नाही. गैरवर्तन म्हणायचं तर आरोपपत्र, चौकशी, त्यांची बाजू ऐकणं आलं. कामगारकपात म्हणायची तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार, आणि पुऱ्या झालेल्या प्रत्येक वर्षामागं १५ दिवसांचा सरासरी पगार. सव्वीस वर्षांचे ३९० दिवस होतात, ग्रॅच्युइटी वेगळीच. नवी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. तिच्याप्रमाणं वीस किंवा जास्त कामगार असतील तिथं तक्रार निवारण समिती लागते, आणि तिच्यात मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. तुमच्याकडं ती आहे का, कागदावर असेल तर शेवटची कधी बसली, हे विचारून ठेवा. कुणी मामांना राजीनाम्याच्या कागदावर सही करायला बोलावलं तर त्याच क्षणी सही करायची नाही, कागद घरी वाचून येतो म्हणायचं, एवढं त्यांना तुम्हीच सांगा. या वयाची माणसं मान राखायला म्हणून सही करून मोकळी होतात. मी पाहिलंय.

बोलायला जाल तेव्हा दोन्ही मालक एकत्र असतील अशी वेळ धरा. थोरल्यांना बाजूला घेऊन मुलाची तक्रार करू नका, त्यानं घरात कलह होईल आणि खापर तुमच्यावर फुटेल. एकच पान न्या. वर अदलाबदलीचे आकडे, मध्ये ‘इतर’ खाली खरं काय निघालं त्याची यादी, खाली मागण्या तीन: टीव्हीवर मशीन नंबर राहू दे पण नाव काढा; परत आलेले जॉब त्याच दिवसाच्या टक्क्यांतून वजा करा; हार्ड स्पॉट, गेज तपासणी आणि दुसऱ्याला मदत ही बटणं घाला. दोन नावांच्या चौकटींबद्दल म्हणा की नावांऐवजी दर महिन्याला सगळ्यात जास्त थांबणारी दोन मशीनं आणि त्यांची कारणं देतो. हे देणं तुम्हाला जमेल आणि त्यांच्या उपयोगाचं आहे. तुमच्या घरात पाणी आलं तेव्हा ज्यांनी हात दिला, त्यांच्या कारखान्याचं भलं यात आहे, तेव्हा नमकहरामीचा विचार मनातून काढा. खरा आकडा मालकापासून लपवणं ही नमकहरामी झाली असती.

ऐकलं नाही तर? तेही होऊ शकतं. तेव्हा नोकरीवर लाथ मारायची भाषा नको, तुमच्या बायकोचं हप्त्याचं म्हणणं खोटं नाही. फॉर्मवर स्वच्छ अक्षरात लिहा: ‘सोबतच्या आकड्यांवरून फरक मशीनचा आहे असं माझं मत आहे, म्हणून मी नाव देत नाही.’ तारीख टाका, सही करा, एक प्रत स्वतःजवळ ठेवा. त्यांनी वरून नाव टाकलं तर ते त्यांच्या सहीनं पडेल. त्याचा थोडा त्रास तुम्हाला होईल, कदाचित दिवाळीची इन्क्रिमेंट लांबेल. हे घरी आजच सांगून ठेवा, महिन्याच्या शेवटी अचानक नको.

आणि डबा. अदलाबदल सोमवारी सुरू होईल, मालकांशी बोलणं त्यानंतर. त्यासाठी थांबू नका. उद्या दुपारी तुमचा डबा घ्या आणि त्या ट्रॉलीजवळ जाऊन बसा. आकड्यांचं काही बोलू नका, सफाई तर देऊच नका. ‘मामा, दोन महिने मी तुमचं नाव लिहिलं, मला आधी तुमच्याशी बोलायला पाहिजे होतं,’ एवढं म्हणा आणि डबा उघडा. ते बोलतील न बोलतील. पहिल्या दिवशी उठूनही जातील कदाचित. परवा पुन्हा तिथंच बसा, आणि ज्या पोराचं नाव दुसऱ्या चौकटीत गेलं होतं त्याला हाक मारून शेजारी बसवा.